ढगळ टोपीचं क्रोशा किट: लोकर आणि सुई छान, पुस्तिका अपुरी

नवशिक्यांसाठी ऑनलाइन मिळणारं ‘स्लाउची टोपी’चं किट मी भाचीसाठी मागवलं. तिने आधी कधी क्रोशाची सुई हातात धरली नव्हती, मी शाळेत असल्यापासून विणते आहे. डबा उघडल्यापासून टोपी तिच्या डोक्यावर चढेपर्यंतचं सगळं काम मी शेजारी बसून पाहिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं बरेच जण विकतात आणि मला जे सांगायचं आहे ते कुठलंही किट घेताना उपयोगी पडेल.

किंमत ६५० रुपये. आत १०० ग्रॅमचे दोन अ‍ॅक्रिलिक लोकरीचे गुंडे, ५.५ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची सुई, शिवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई, टाक्यांवर खूण करायच्या प्लास्टिकच्या पिना आणि आठ पानी पुस्तिका. नाशिकला मेन रोडवर फिरून हेच सामान सुटं घेतलं तर पैसे वाचतील, पण नवशिक्याला कुठल्या जाडीच्या लोकरीला कुठल्या नंबरची सुई लागते हेच माहीत नसतं. इथे ती जोडी बरोबर जमवून दिली आहे आणि जास्तीचे पैसे त्याचे आहेत, असं मी मानते.

लोकर मला मनापासून आवडली. चार पदरी, बऱ्यापैकी पीळ असलेली आणि गुळगुळीत. सैल पिळाची लोकर असली की सुईचं टोक पदरांच्या मधे घुसतं, अर्धा धागा उचलला जातो आणि नवशिक्याला कळतही नाही की काय बिघडलं. इथे तसं झालं नाही. उसवून पुन्हा विणली तरी लोकर विस्कटत नाही, आणि शिकताना उसवणं तर होणारच. दोन्ही गुंड्यांच्या चिठ्ठीवरचा रंगाचा लॉट नंबर (एकत्र रंगवलेल्या लोकरीच्या खेपेचा नंबर) एकच होता, तो तेवढा आवर्जून तपासून घ्या. लॉट वेगळा असेल तर रंगाचं नाव तेच असूनही टोपीवर फरकाची रेघ दिसते.

आमच्या घरात क्रोशा म्हणजे दोऱ्याचं काम. तोरणं, ताटावरचे रुमाल, सोफ्याच्या पाठीवरची जाळी. त्या स्टीलच्या सुया एक-दीड मिलिमीटरच्या, आणि त्यावर शिकताना अनेक मुलींनी आठवड्याभरात नाद सोडलेला मी पाहिला आहे, कारण टाका दिसतच नाही. या जाड सुईवर प्रत्येक टाक्याचा माथा उघड दिसतो: शेजारी शेजारी दोन धागे, एक पुढचा, एक मागचा. या टोपीत फक्त मागचा धागा उचलून अर्धे खांब (सुईवर आधी एक वेढा घेऊन घालायचे मध्यम उंचीचे टाके) घालायचे आहेत. पुढचा धागा मोकळा राहतो, त्याची कापडावर उठावदार रेघ तयार होते आणि कापड रबरासारखं ताणलं जातं. नवशिक्याचं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी टोपी डोक्याला बसते ती यामुळे.

नमुन्याची निवडही शहाणपणाची आहे. टोपी माथ्यापासून गोल विणायची म्हटली की दर ओळीला टाके वाढवणं आलं, आणि वाढवण्याचा हिशेब चुकला की एक तर वाटी होते नाही तर झालर. इथे सरळ एक आयत विणायचा. आयताची एक बाजू म्हणजे टोपीची उंची, दुसरी डोक्याचा घेर. विणून झाला की दोन टोकं जोडायची, वरच्या कडेतून धागा ओवून चुण्या आवळायच्या, झाली टोपी. वाढवणं नाही, घटवणं नाही. शिकणाऱ्याला एकच टाका पक्का बसवता येतो.

आता पुस्तिकेबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे. टाक्यांची नावं इंग्रजीत आहेत, पण ती अमेरिकी पद्धतीची की ब्रिटिश, हे कुठेही लिहिलेलं नाही. आपला अर्धा खांब अमेरिकी पुस्तकांत ‘हाफ डबल’ असतो, ब्रिटिश पुस्तकांत ‘हाफ ट्रेबल’. मुका खांब, म्हणजे त्याहून बुटका टाका, अमेरिकेत ‘सिंगल’, तर ब्रिटनमध्ये ‘डबल’. मुलगी नाव वाचून यूट्यूबवर शोधणार आणि भलताच टाका शिकणार. (ही पुस्तिका अमेरिकी पद्धतीची आहे.)

त्याहून मोठी उणीव म्हणजे ओळ संपल्यावर वळताना घातलेल्या साखळ्या (सुईवरच्या फासातून धागा ओढून केलेल्या साध्या कड्या) टाका म्हणून मोजायच्या की नाही, यावर पुस्तिका गप्प आहे. भाचीचा आयत दहाएक ओळींतच एका बाजूने निमुळता होऊ लागला. ‘मावशी, मी सगळे टाके घातलेत गं,’ ती म्हणत होती, आणि तिने खरंच मन लावून घातले होते. कडेचा एकेक टाका सुटत होता, कारण तो कुठला हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वळताना एक साखळी घाला, ती मोजू नका, आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या व शेवटच्या टाक्यात किटमधली पिन अडकवा. मग कड सरळ येते. पिना दिल्या आहेत, पण कशासाठी ते छापलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. नवशिकी मुलगी अशा वेळी स्वतःलाच बोल लावते आणि विणकाम कपाटात जातं.

मापही दिलेलं नाही. नुसतं ‘सर्वांना बसेल’ लिहिलं आहे. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५७ सेंटिमीटर असतो आणि टोपी ताणली जात असल्याने आयत त्याहून चार-पाच सेंटिमीटर कमीच हवा. आधी हातभर लांब नको, दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून बघा. आमच्या हाताला त्यात १३ टाके आणि दहा ओळी बसल्या. त्या हिशेबाने ३६ टाके घातले की २८ सेंटिमीटर उंची मिळते, आणि ५० ओळींत ५० सेंटिमीटरचा घेर. तुमचा हात घट्ट असेल तर टाके वाढवा. ढगळपणा सगळा उंचीत असतो. २८ ऐवजी २१ सेंटिमीटर ठेवलीत तर साधी कानटोपी होईल.

माथा आवळताना मात्र पुस्तिकेचं ऐकू नका. एका धाग्याने जोर लावून ओढायला सांगितलं आहे. अ‍ॅक्रिलिक धागा तिथेच तुटतो. धागा दुहेरी घ्या, कडेतून दोनदा फिरवा आणि हळूहळू आवळा, मधे भोकही राहत नाही. एक गुंडा जवळजवळ संपतो, दुसरा बराच उरतो, त्यात वर लावायला गोंडा होतो.

वापरायला टोपी फारच सोयीची आहे. भाचीचे केस लांब आणि दाट. घट्ट टोपीत अंबाडा दाबला जातो आणि टोपी सारखी वर सरकते. या टोपीच्या मागच्या झोळात अंबाडा आरामात बसतो आणि कानही झाकलेले राहतात. सकाळी लवकर ती निफाडच्या बाजूला कामाला जाते आणि तिकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, त्यामुळे टोपी रोज डोक्यावर असते. मात्र ती बसने जाते. हेल्मेटखाली ही टोपी घालू नका, मागचा झोळ गोळा होतो आणि हेल्मेट नीट बसत नाही. धुवायला कोमट पाणी पुरे, पिळायची नाही, आडवी वाळवायची. इस्त्री अजिबात नको, उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचा ताण जातो आणि त्या उठावदार रेघा कायमच्या सपाट होतात.

मागवताना सात रंग दाखवतात, त्यात काळा आणि गडद निळा सगळ्यांत आधी नजरेत भरतात. पहिल्या टोपीला ते घेऊ नका. रात्री ट्यूबलाइटखाली काळ्या लोकरीतला मागचा धागा मलाही शोधावा लागतो. आम्ही मोहरीच्या फुलाचा पिवळा घेतला. फिका राखाडीही चालेल.