नऊ महिने कम्युनिटी टाकी : 40 रुपयांचा सकर सगळ्यात महाग पडला

मंगळवारी रात्री दीड वाजता माशांच्या टाकीवर टॉर्च लावला, तर आमचा सकर (तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) एंजलच्या, म्हणजे चपट्या, लांब पंखांच्या माशाच्या, कुशीला चिकटलेला. एंजल झाडाच्या आडोशाला निपचित. उजेड पडताच सकर सुटला, लाकडामागे गेला, आणि एंजलच्या अंगावरचा रुपयाएवढा पांढुरका, खवले निघालेला डाग स्पष्ट दिसला. तीन आठवडे मी त्या डागाला बुरशी समजून पाण्यात निळं औषध घालत होतो.

सहा महिने झाले तेव्हा ऑफिसात मी सगळ्यांना सांगत होतो, की टाकीत घातलेल्या पैशांत सकरचे 40 रुपये सगळ्यात चांगले गेले. ते शब्द मागे घेतो.

टाकी, फिल्टर, दिवा याबद्दल तक्रार नाही, सगळं व्यवस्थित चालू आहे. टाकी 24 बाय 12 बाय 15 इंच, वाळू धरून साधारण 65 लिटर पाणी. तक्रार आहे ती माशांच्या जोडणीबद्दल. डिसेंबरमध्ये घराजवळच्या दुकानातून ‘कम्युनिटी’, म्हणजे एकाच टाकीत एकत्र राहणारे वेगवेगळे मासे, म्हणून जे घेतलं ते असं : चार एंजल, चार टायगर बार्ब, चार मॉली आणि एक सकर. माशांचे झाले 460 रुपये. मुलीने रंग बघून बोट दाखवलं, दुकानदार पिशवीत भरत गेला, आणि शेवटी न विचारताच सकर टाकला. “काच साफ ठेवतो, साहेब. त्याला वेगळं खाणं लागत नाही.”

हे दुसरं वाक्य मी खरं मानलं. पुढचं सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

बार्बचं आधी सांगतो. फेब्रुवारीत एंजलच्या पोटाखालचे लांब धागे आखूड दिसायला लागले, मग शेपटीची टोकं. बार्ब मागून येऊन टोचायचे आणि पळायचे. मार्चमध्ये चारही बार्ब एका सहकाऱ्याला दिले, महिन्याभरात एंजलचे धागे पुन्हा वाढले. तेव्हा मी बार्बला भांडखोर ठरवून मोकळा झालो. आता तसं म्हणणार नाही. हा कळपाचा मासा. आठ-दहा असले की आपसातच पाठलाग करतात, त्यात त्यांचं दिवसभराचं भागतं. चारच ठेवले की तो सगळा जोर शेजाऱ्यावर निघतो, आणि शेजारी लांब पंखांचा, संथ पोहणारा असेल तर त्याची धडगत नाही. सहकाऱ्याने आणखी सहा आणले, एंजल किंवा गुरामीसारखे संथ मासे ठेवलेच नाहीत. त्याच्याकडे पाच महिन्यांत एकाचाही पंख फाटलेला नाही.

मॉलीची गोष्ट मारामारीची नाही, पाण्याची. आम्ही भांडुपला राहतो. मुंबईचं नळाचं पाणी वैतरणा, भातसा, तानसाकडचं, पावसाचं साठवलेलं, म्हणून सौम्य. मॉलीला क्षार असलेलं जड पाणी मानवतं. आमच्या मॉली जागच्या जागी डुलायला लागल्या, अंग आक्रसून घ्यायच्या. दुकानदार म्हणाला मीठ टाका. पण एंजल मूळचा ॲमेझॉनच्या सौम्य पाण्यातला, म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला त्रास. मासे एकमेकांना खात नाहीत एवढ्यावर त्यांचं जमतं असं नाही. पाणीही दोघांना एकच मानवायला हवं. एप्रिलपर्यंत एकही मॉली उरली नाही. क्लोरीन मारायचे थेंब मी एकदाही चुकवले नव्हते.

चार एंजलपैकी दोघांनी मे महिन्यात जोडी जमवली आणि उरलेल्या दोघांना फिल्टरच्या कोपऱ्यात डांबलं. तेही द्यावे लागले. 65 लिटरमध्ये जोडीच ठेवावी.

आता सकर. आला तेव्हा दोन इंचांचा होता, आज मोजला तर सात. टाकीची रुंदी बारा इंच. हा मासा फुटाच्या पुढे जातो. पहिले चार महिने काच खरोखर आरशासारखी होती आणि आम्ही खूश होतो. पण जसा वाढला तसं काचेवरचं शेवाळ त्याला पुरेना. आम्ही टाकलेले दाणे एंजल वरच्या वर संपवायचे, खाली काही पोचायचंच नाही. म्हणजे वाढीच्या वयात तो जवळजवळ उपाशी होता. उपाशी सकर रात्री चपट्या, संथ माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. एंजल, डिस्कस, गोल्डफिश हे त्याला सहज सापडतात. आणि टाकीतली सगळ्यात जास्त विष्ठाही त्याचीच. साफसफाईसाठी आणलेल्या माशामुळे मी आठवड्याला एकदाऐवजी दोनदा पाणी बदलत होतो.

बुधवारी दुकानात गेलो. “विकलेला मासा परत घेत नाही.” मी म्हटलं, पैसे नकोत, नुसता ठेवून घ्या. नाही. निदान एवढा मोठा होतो हे तरी सांगायचं होतं. तर म्हणे, “तुम्ही विचारलं नाहीत.” मी उभा असतानाच त्याने एका बाईंच्या पिशवीत दोन इंची सकर टाकला. त्यांची टाकी दीड फुटाची होती. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी तो परत काढायला लावला. दुकानदार माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, पवई तलावात सोडून दे, पुण्य लागेल. मी नाही सोडणार. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, अंगावर कवच, त्याला खाणारं आपल्याकडे फारसं कोणी नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत तो असाच पसरला आहे. कृपा करून कोणीही सोडू नका.

शनिवारी क्रॉफर्ड मार्केटमधून सहा हनी गुरामी आणले. दीड-दोन इंचांवर थांबणारे, सौम्य पाण्याचे, आणि मूळचे ईशान्य भारत-बांगलादेशाकडचे. एंजलच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे बघून घेतले. निऑन टेट्रा हे बारीक मासे याच कारणासाठी टाळले. नव्यांवर अजून मत देत नाही, दोन महिने जाऊ देत. शेवाळासाठी दिवा दहा तासांवरून सहावर आणला आणि काच रविवारी जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडतो. पाच मिनिटं लागतात.

एंजलच्या डागावर आता पातळ चंदेरी कातडी धरली आहे. सकर गॅलरीत 80 लिटरच्या निळ्या ड्रममध्ये आहे, हवेचा पंप लावून. रोज रात्री काकडीची चकती दगडाखाली दाबून ठेवतो, सकाळी नुसती साल उरते. पहिल्या रात्री ती साल बघून मला फार वाईट वाटलं. नऊ महिने त्याला कोणी नीट जेवायलाच दिलं नव्हतं. पाच फुटी टाकीवाला कोणी भेटेपर्यंत तो तिथेच राहील, आणि मुलगी शाळेत जाताना त्याला चकती खाल्ली का ते बघून जाते.