१९७० ची शेव्हेल आणि २००-४आर गिअरबॉक्स: एका उन्हाळ्याचा अनुभव

माझ्या जुन्या शेव्हर्लेतला तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (टर्बो ३५०) काढून जीएमचाच चार गिअरचा २००-४आर बसवला. आधी निकाल सांगतो. गाडी हायवेवर पळवायची असेल तर हा खर्च जरूर करा. ती नुसतीच शोमध्ये बॉनेट उघडून उभी राहणार असेल, तर जुन्या टर्बो ३५० ला हात लावू नका. दणकट चीज आहे.

गाडी शेव्हेल मालिबू, ३५० घनइंची व्ही-८ इंजिन, मागच्या एक्सलचं प्रमाण ३.५५. मुक्काम मिशिगन. टर्बो ३५० ला तीनच गिअर आणि तिसरा थेट १:१, त्यामुळे २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर घोंगावायचं. डेट्रॉइटहून टोलेडोला निघालो की बायको म्हणायची, "तू हो पुढे, मी माझ्या गाडीने येते." आता चौथा गिअर ०.६७ चा आहे. त्याच वेगाला काटा २००० वर असतो आणि गाडीत गप्पा होतात. पहिला गिअरही २.५२ ऐवजी २.७४ असल्याने सिग्नलवरून गाडी जास्त जोमाने उठते.

जीएमचाच दुसरा चार गिअरचा ७००आर४ सहज मिळतो, तरी तो घेतला नाही. तो तीन इंच लांब आहे, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट (मागचा एक्सल फिरवणारा दांडा) कापून घेणं आलं. शिवाय त्याचा पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३, मधल्या दरीत इंजिन आपटतं. २००-४आर लांबीला टर्बो ३५० एवढाच, त्यामुळे जुना शाफ्ट आणि योक (शाफ्टचा गिअरबॉक्सात बसणारा सांधा) तसेच लागले. गिअरबॉक्सला खालून आधार देणारा क्रॉसमेंबर तेवढा मागे सरकवावा लागला. २००-४आर नाजूक असल्याची ओरड अर्धीच खरी आहे. ब्यूक ग्रँड नॅशनल या जोरदार टर्बो गाडीत हाच होता, पण साध्या सेडानमधून काढलेला न उघडता बसवला तर टिकायचा नाही. मी मजबूत करून घेतला. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि तेलाचा कूलर धरून तीन हजार डॉलरच्या वर गेले.

खरी मेख टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलमध्ये आहे. टर्बो ३५० ची केबल फक्त किकडाउनपुरती, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकण्यापुरती असते. इथे थ्रॉटल जितका उघडेल तितकं आतल्या तेलाचं प्रेशर ही केबल वाढवते. ती ढिली राहिली की प्रेशर पडतं, क्लचप्लेटी घसरतात आणि बघता बघता जळतात. कार्ब्युरेटर मूळचा नसेल तर केबलची ओढ जुळवणारी पट्टी घ्याच, आणि प्रेशर गेज लावून सेटिंग करा. "अंदाजाने बसवली, मस्त चालतेय" म्हणणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जा.

तक्रारी किरकोळ आहेत. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ताशी ४० मैलांच्या आसपास तिसरा की चौथा, हे गिअरबॉक्सचं ठरत नाही. तिथे मी लिव्हर तिसऱ्यावरच ठेवतो. कन्सोलवरची जुनी गिअरची पट्टी आता जुळत नाही. मायलेज सुधारलं, पण त्या बचतीतून पैसे वसूल व्हायला नातवंडं यावी लागतील.

आणि मागे २.७३ चा एक्सल असेल तर आधी तो बदला. नाहीतर ६५ ला इंजिन जेमतेम १५०० वर कुंथत राहील आणि जरा चढ लागला की गिअरबॉक्स परत तिसऱ्यात येईल.