उबंटूवर पोस्टग्रेस : इन्स्टॉलेशनच्या अडचणी आणि काही महिन्यांचा अनुभव

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातील आमच्या गाळ्यावर आवक, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्यांकडील येणे यांच्या नोंदी आता बरेच महिने उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वरील पोस्टग्रेसक्यूएल १६ (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. रोजच्या कामात या डेटाबेसबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लोक अडतात ते इन्स्टॉलेशनच्या वेळी, आणि तिथल्या बहुतेक अडचणी डेटाबेसच्या नसून भोवतालच्या मांडणीच्या असतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांत फसवी अडचण लोकेलची, म्हणजे यंत्रावरील भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगची. पॅकेज बसताना ‘मेन’ नावाचे क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरखालचा डेटाबेसचा संच) आपोआप तयार होते आणि त्यासाठी त्या वेळचे लोकेल घेतले जाते. घरच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याच्या सोयीने) सर्व्हरवर गेल्यास लॅपटॉपचे लोकेलही सोबत जाऊ शकते. ते सर्व्हरवर तयार केलेले नसेल, तर पॅकेज बसते, पण क्लस्टर बनत नाही. मग जोडणी करताना सॉकेटची (डेटाबेसशी जोडणी ज्यातून होते ती) फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो आणि माणूस विनाकारण फायरवॉल तपासत बसतो. अशा वेळी ‘लोकेल-जेन’ने लोकेल तयार करावे आणि ‘पीजी_क्रिएटक्लस्टर’ने क्लस्टर स्वतः उभे करावे.

सर्व्हिस हाताळणाऱ्या ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेने पोस्टग्रेसची स्थिती विचारली की ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ असे उत्तर मिळते. ते केवळ वरच्या आवरण-सर्व्हिसचे असते; खरी सर्व्हिस प्रत्येक क्लस्टरची वेगळी असते. त्यामुळे क्लस्टर बंद असतानाही सारे सुरळीत असल्याचा भास होतो, आणि ही रचना मला आजही खटकते. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा मात्र आवृत्ती, पोर्ट, चालू-बंद स्थिती आणि लॉगची जागा एकाच ओळीत दाखवते. उबंटू २२.०४ वरून वर आलेल्या यंत्रावर जुनी १४ वी आवृत्ती ५४३२ पोर्टवर आणि नवी ५४३३ वर असू शकते, हेही तिथेच कळते. जुने क्लस्टर बॅकअपची खात्री झाल्याशिवाय काढू नये.

‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हा संदेश आला, तर लिनक्सवरील वापरकर्त्याचे नाव आणि डेटाबेसमधील भूमिकेचे नाव जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर ‘ट्रस्ट’, म्हणजे ओळख न तपासता आत घेणारी सेटिंग, लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशोब ज्या यंत्रावर आहे, तिथे पासवर्डाशिवाय दार उघडे ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

मराठी नावांचा क्रम मात्र आधीच ठरवावा. केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी जाते, तर वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आहे. डेटाबेस तयार करतानाच आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) निवडल्यास यादी आपल्या क्रमाने लागते. नंतर मूळ कोलेशन बदलायचे तर सर्व माहिती काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावी लागते.