व्होनेट: लॅबसाठी मोफत सॉफ्टवेअर, पण मिलिमीटर भरणार असाल तरच

म्हापसा, मडगाव, फोंड्यातल्या लॅबमधून कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा (नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे पाहणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट रुग्णाच्या हाती जातो आणि आकडे रजिस्टरमध्ये पडून राहतात. यंदा लघवीतल्या ई. कोलाय या जंतूवर कोणतं औषध चालतंय, हे त्यांतूनच कळणार असतं. त्यासाठी व्होनेट जरूर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोस्टनमधल्या सहयोगी केंद्राचं हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, इंटरनेटवाचून अडत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या 'ग्लास' या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक जाळ्यासाठीही यातून फाइल काढता येते.

खरा कस लागतो तो नोंदी भरताना. औषधासमोर नुसतं एस (चालतं), आय (मधलं), आर (चालत नाही) टाकायची सोय आहे आणि घाईत तेच होतं. तसं करू नका. झोनचा, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा, व्यास मिमीमध्येच भरा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क घ्या. सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या जुन्या निकषात ई. कोलायला २१ मिमी झोन आला की एस. २०१९ पासून २६ लागतात. '२३' लिहिलेलं असेल तर जुनी वर्षंही नव्या निकषावर पुन्हा मोजता येतात. 'एस' लिहिलेलं असेल तर २०१८ आणि २०१९ची तुलनाच खोटी ठरते: जंतू तेच, बदलली ती फूटपट्टी. शिवाय व्यासांचा आलेख काढून पाहा. २०, २५, ३० वरच उंच खांब दिसले, तर झोन मोजला जात नाही, अंदाजाने लिहिला जातोय.

दुसरी चूक रुग्ण क्रमांकाची. आपल्याकडे नाईक, फर्नांडिस ही आडनावं ढीगभर, स्पेलिंगंही दोन-तीन. त्यामुळे नावावर विसंबू नका. दर भेटीला नवा क्रमांक दिला तर एकाच माणसाचे तीन नमुने तीन रुग्ण म्हणून मोजले जातात. बरा न होणाराच पुन्हापुन्हा कल्चरला येतो, म्हणून प्रतिकाराची टक्केवारी फुगते. कायमचा क्रमांक द्या आणि विश्लेषणात प्रत्येक रुग्णाचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू) निवडा. एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर टक्केवारी छापू नका, दोन वर्षं एकत्र करा.

स्क्रीन जुनाट वाटते, ती सवयीने सुसह्य होते. एक्सेल किंवा मशीनमधला डेटा व्होनेटमध्ये आणणारं 'बॅकलिंक' हे जोड-सॉफ्टवेअर मात्र चिकाटी मागतं: औषधांची आणि जंतूंची आपली नावं त्याच्या कोडशी एकदा हाताने जुळवावी लागतात, आणि न जुळलेलं नाव विश्लेषणातून निसटतं. म्हणून पहिल्या महिन्याच्या नोंदी रजिस्टरशी ताडून पाहा. निकष दरवर्षी बदलतात, तेव्हा नवी आवृत्ती उतरवून घ्या. आणि फाइल एकाच कॉम्प्युटरवर ठेवू नका. पावसाळ्यात वीज जाते-येते, दर शनिवारी दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत काढा.