डेझर्ट डायमंड अरीना, ग्लेनडेल: हॉकी गेली, सभागृह राहिले

ॲरिझोनातील फिनिक्स महानगराच्या पश्चिमेस, ग्लेनडेल शहरातील वेस्टगेट संकुलात उभे असलेले डेझर्ट डायमंड अरीना आज मुख्यतः गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांसाठी ओळखले जाते. ते बांधले गेले मात्र आइस हॉकीसाठी, आणि 18 वर्षांहून थोडा अधिक काळ ते नॅशनल हॉकी लीगमधील (पुढे नुसते ‘लीग’) कायोटीज या व्यावसायिक संघाचे घर होते. या परीक्षणात मी त्याचा विचार दोन अंगांनी करणार आहे: प्रेक्षक म्हणून तेथे काय मिळते, आणि याच शहराचा रहिवासी म्हणून त्याची किती किंमत मोजावी लागली. एरवी सभागृहाच्या परीक्षणात दुसरा मुद्दा येत नाही. पण ज्या वास्तूसाठी शहराने स्वतः कर्ज काढले, तिच्या बाबतीत केवळ आसने आणि ध्वनियोजना यांवर बोलून थांबणे मला अपुरे वाटते.

आधी प्रेक्षकाची बाजू. हॉकीसाठी हे सभागृह उत्तम होते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. बर्फाचे मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. येथील बैठकव्यवस्था त्या आकाराभोवतीच आखलेली असल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगेतूनही दोन्ही गोल दिसत. संघाचे आधीचे घर असलेल्या फिनिक्सच्या मध्यवस्तीतील सभागृहाची गोष्ट वेगळी होती. ते बास्केटबॉलच्या लहान मैदानासाठी बांधलेले होते आणि तेथील हजारो आसनांवरून एका बाजूचा गोल नीट दिसतच नसे. ग्लेनडेलमध्ये माझ्या आवडीची जागा वरच्या मजल्यावर, निळ्या रेषेच्या साधारण समोर होती. तेथून पाच खेळाडूंची हालचाल एकत्र दिसे, बचावफळीत भोक कोठे पडते आहे हे चेंडूफळीच्या खेळावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही कळू लागे, आणि पक (खेळातली रबरी चकती) कडेच्या फळ्यांवर आदळल्याचा कोरडा आवाज त्या उंचीवरही स्पष्ट येई. 2012 मध्ये संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, तेव्हा सारे प्रेक्षागृह पांढऱ्या कपड्यांत आले होते. ही प्रथा मुळात कॅनडातील विनिपेगची. 1996 मध्ये तेथून संघ हलवला गेला तेव्हा ती खेळाडूंबरोबर वाळवंटात आली.

सभागृह एवढे चांगले असताना हिशेब का जमला नाही, याचे एक कारण नकाशावर दिसते. तत्कालीन मालक स्टीव्ह एलमन यांना सभागृह आधी स्कॉट्सडेलमध्ये, म्हणजे सीझन तिकिटे घेणाऱ्या बऱ्याचशा वर्गाच्या जवळ, बांधायचे होते. ती योजना फसली आणि संघ महानगराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेनडेलला आला. महानगराच्या पूर्वेकडच्या चँडलर किंवा गिल्बर्टमध्ये राहणाऱ्या, त्यात आपल्या मराठी मंडळींचाही समावेश आहे, माणसाला कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सामन्यासाठी 50 किलोमीटरहून अधिक अंतर गर्दीच्या वेळेत तोडावे लागे. साउथ माउंटनचा नवा महामार्ग 2019 च्या अखेरीस खुला झाला, तोवर फार उशीर झाला होता. लाइट रेल तर आजही तेथवर जात नाही. असा प्रेक्षक शनिवारी येतो, मंगळवारी येत नाही. आणि हंगामातल्या 41 घरच्या सामन्यांपैकी कितीतरी मंगळवार-गुरुवारी असत.

2003 च्या डिसेंबरमध्ये सभागृह सुरू झाले. खर्च आला सुमारे 22 कोटी डॉलर, आणि त्यातला 18 कोटींचा वाटा ग्लेनडेल शहराचा होता. आजूबाजूला दुकाने, उपाहारगृहे आणि घरे उभी राहतील, त्यांच्या विक्रीकरातून कर्ज फिटेल, असा तो हिशेब होता. पुढे 2008 ची मंदी आली आणि सर्वांत आधी घरबांधणी व दुकानदारी यांनाच तिचा फटका बसला. मे 2009 मध्ये त्या वेळचे मालक जेरी मोयेस यांनी संघ दिवाळखोरीत काढला. ब्लॅकबेरीमुळे नाव कमावलेले कॅनेडियन उद्योजक जिम बाल्सिली यांनी 21.25 कोटी डॉलर देऊ केले, पण संघ ओंटारियोतील हॅमिल्टनला नेण्याच्या अटीवर. लीगने कडाडून विरोध केला, न्यायालयाने ती बोली फेटाळली, आणि अखेर लीगनेच 14 कोटी डॉलरला संघ विकत घेतला. हा 14 कोटींचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

संघ जाऊ नये म्हणून शहराने काय केले, हा या कहाणीचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. 2010-11 आणि 2011-12 या दोन हंगामांसाठी ग्लेनडेलने लीगला प्रत्येकी 2.5 कोटी डॉलर दिले. कागदावर ते सभागृह चालवण्यापोटी होते, प्रत्यक्षात संघाचा तोटा त्यातून भरून निघत होता. मधल्या काळात रोखे काढून नव्या खरेदीदाराला दहा कोटींहून अधिक रक्कम देण्याचा घाटही घातला गेला. सार्वजनिक पैशाच्या अशा वापराला विरोध करणाऱ्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूटने न्यायालयात जाण्याचा इशारा दिल्यावर तो बारगळला. 2013 च्या जुलैमध्ये नगरपरिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी नव्या मालकांशी 15 वर्षांचा करार केला. त्यानुसार सभागृहाच्या व्यवस्थापनासाठी वर्षाला दीड कोटी, म्हणजे एकूण साडेबावीस कोटी डॉलर द्यायचे होते. तिकिटांवरील अधिभार, वाहनतळ आणि नामकरणाचे हक्क यांतून त्यातला मोठा भाग परत येईल, असे सांगितले गेले. आले ते अपेक्षेपेक्षा कमी. आणि करारात मालकांना एक पळवाटही होती: पाच वर्षांत तोटा पाच कोटींवर गेला, तर संघ हलवायला ते मोकळे होते. ज्याच्यासाठी शहराने पदराला खार लावून घेतला, ते राहणेसुद्धा सशर्तच होते.

वेस्टगेटमध्ये जेवून बिल हातात घेतले की तळाशी कराची वेगळी ओळ असते. 2012 मध्ये शहराने आपला विक्रीकर सात दशांश टक्क्याने वाढवला. तात्पुरता म्हणून आणलेला हा वाढीव दर पुढे कायम झाला. न्यायाने बोलायचे, तर याचा सारा दोष हॉकीच्या माथी मारता येणार नाही. मंदीमुळे उत्पन्न घटले होते, आणि बेसबॉलच्या वसंत सरावासाठी 2009 मध्ये उघडलेल्या कॅमलबॅक रँचचे कर्जही शहराच्या डोक्यावर होते. तरीही वाचनालये, उद्याने आणि पोलिसांच्या जागा यांच्या खर्चाला कात्री लावण्याची चर्चा चालू असताना हॉकीसाठी कोट्यवधींची तरतूद होत होती, हे येथे राहणारा माणूस सहजासहजी विसरत नाही. ज्याने आयुष्यात कधी सामना पाहिला नाही, तोही वाणसामान आणताना त्या तिकिटाचा हप्ता भरत होता.

2015 च्या जूनमध्ये शहराने हा करार रद्द केला. शहराचा माजी कायदा अधिकारी संघाच्या नोकरीत गेला होता, आणि हितसंबंधांच्या संघर्षाबद्दलच्या राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन हे पाऊल उचलले गेले. तडजोडीत दोन वर्षांचा, वर्षाला 65 लाख डॉलरचा करार झाला. त्यानंतर व्यवस्थापन एका स्वतंत्र, व्यावसायिक कंपनीकडे सोपवले गेले, ते सुमारे 56 लाख डॉलर वार्षिक शुल्कावर. दीड कोटी कोठे आणि 56 लाख कोठे! त्याच इमारतीचे, त्याच दिव्यांचे आणि त्याच बर्फाचे हे व्यवस्थापन होते, एवढे सांगितले म्हणजे आधीच्या आकड्यात व्यवस्थापनाचा भाग किती आणि अनुदानाचा किती, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

2021 च्या ऑगस्टमध्ये शहराने त्या हंगामानंतर करार पुढे न वाढवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थकीत करांवरून संघाला सभागृहाची दारे बंद करण्याचा इशारा द्यावा लागला. तेव्हा ती रक्कम भरली गेली. त्या काळात अनेकांनी ग्लेनडेलला खेळद्वेष्टे ठरवले. मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. हॉकीच्या संघासाठी हिवाळ्यातील सर्वोत्तम तारखा महिनोन्‌महिने अडकून पडतात; मोठ्या गायकाचा दौरा ॲरिझोनात येतो तोही याच सुखद हवेच्या दिवसांत. त्या तारखा मोकळ्या झाल्यावर सभागृह भरून जाणारे कार्यक्रम घेता येतात, प्रेक्षक आधी बाहेर जेवतो, खरेदी करतो, आणि शहराला तोटा भरून द्यावा लागत नाही.

संघ तेथून टेंपीला, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मलेट अरीनात गेला. हॉकी पाहण्याचा निखळ आनंद म्हणाल, तर तो तेथे सर्वाधिक होता. सुमारे 4,600 आसने, प्रत्येक जागा मैदानाला खेटून, आणि खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे ऐकू येईल इतकी जवळीक. हिशेबाच्या दृष्टीने मात्र हे चालण्यासारखे नव्हते. लीगमधील इतर बहुतेक संघ 16 ते 20 हजारांपुढे खेळत होते, आणि खेळाडूंच्या एकूण मानधनाची मर्यादा लीगच्या सामायिक उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे एका संघाच्या तोकड्या तिकीटविक्रीचा परिणाम सर्वांवर होत होता. खेळाडूंच्या संघटनेने नाराजी उघडपणे बोलून दाखवली. कायमस्वरूपी घरासाठी टेंपीमध्ये जुन्या कचरा-डेपोच्या जागेवर 210 कोटी डॉलरच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला; 16 मे 2023 रोजी मतदारांनी त्यासाठीचे तिन्ही ठराव फेटाळले. शेजारच्या शहराचा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे त्यामागचे एक कारण असावे, असे मला वाटते.

एप्रिल 2024 मध्ये शेवट आला. 17 तारखेला एडमंटनविरुद्धचा अखेरचा घरचा सामना संघाने 5-2 असा जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी लीगच्या मंडळाने व्यवहाराला मंजुरी दिली. युटाचे उद्योजक रायन स्मिथ यांनी 120 कोटी डॉलर मोजले आणि संघ युटातील सॉल्ट लेक सिटीला गेला. त्यातले 100 कोटी मालक ॲलेक्स मेरुएलो यांना आणि 20 कोटी स्थलांतर शुल्क म्हणून लीगच्या इतर मालकांना मिळाले. 2009 मधल्या 14 कोटींशी हा आकडा ताडून पाहावा. ज्या काळात हा संघ तोट्यातला म्हणून ओळखला जात होता, त्याच काळात त्याची किंमत आठपटीहून अधिक वाढली. कारण विकत घेतली जाते ती लीगमधली जागा, आणि ती संघ कोठे खेळतो किंवा किती तिकिटे खपतात यावर फारशी अवलंबून नसते. तोटा वर्षानुवर्षे सार्वजनिक तिजोरीकडे सरकवला गेला. नफा एका सहीत खाजगी खात्यात गेला. ग्लेनडेलला त्या 120 कोटींतला एक डॉलरही मिळाला नाही, कारण शहराने पैसे देताना मालकीतला हिस्सा कधी मागितलाच नव्हता. मेरुएलो यांना पाच वर्षांत नवे सभागृह बांधून संघ पुन्हा उभा करण्याचा हक्क दिला होता. उत्तर फिनिक्समधील सरकारी जमिनीचा लिलाव जूनमध्ये रद्द झाल्यावर त्यांनी तोही सोडला.

हे सारे बाजूला ठेवून आज येथे कार्यक्रमाला जावे का, असे विचाराल तर अवश्य जावे. मंच सामान्यतः मैदानाच्या एका टोकाला उभारला जातो. त्यामुळे हॉकीत जी मधली आसने सर्वोत्तम होती ती गाण्याच्या कार्यक्रमात बाजूची ठरतात, आणि समोरच्या टोकाची आसने बरीच लांब पडतात. खालच्या मजल्यावर, मंचापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, किंचित तिरकस जागा मिळाली तर ती घ्यावी. बाहेरच्या कारंज्याच्या चौकात कार्यक्रमापूर्वी तासभर मुलांना घेऊन बसता येते. शेजारच्या स्टेट फार्म स्टेडियममध्ये त्याच दिवशी फुटबॉलचा सामना असेल तर वाहनतळाचे नियम आणि दर बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन्हीकडचे वेळापत्रक पाहावे.

सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. तेथील डेल्टा सेंटरही बास्केटबॉलसाठी बांधलेले असल्यामुळे पहिल्या हंगामात 11 हजारांच्या आसपासच आसनांवरून संपूर्ण मैदान दिसत होते, आणि बाकीची तिकिटे एकच गोल पूर्ण दिसेल असे सांगून विकली गेली. तेव्हा तिकीट घेताना ही सूचना नीट वाचावी. सभागृहाच्या आणि परिसराच्या नूतनीकरणासाठी शहराचा विक्रीकर 1 जानेवारी 2025 पासून अर्ध्या टक्क्याने वाढला असून त्यातून 90 कोटी डॉलरपर्यंत रक्कम प्रकल्पाला मिळू शकते. प्रेक्षागृहे सध्या भरत आहेत, संघही लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच करारातील अटी, परतफेडीचा आराखडा आणि संघ विकला गेल्यास शहराच्या वाट्याला काय येईल, हे प्रश्न नगरपरिषदेच्या सभेत विचारण्याची वेळ आता आहे. ग्लेनडेलमध्ये ते विचारले गेले तेव्हा पैसे आधीच देऊन झाले होते.