७,९५० रुपयांचा लुकलुकणारा दिवा

७,९५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण 'कितीला फसलास?' हे सगळे विचारतात आणि मग हसतात.

मामा बोटीवर होता, त्याने आणलेला रोलंड कंपनीचा एसएच-१०१ सिंथेसायझर माझ्याकडे आहे. मॉडेल १९८२चं, म्हणजे मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत) यायच्या वर्षभर आधीचं. देवगडच्या खाऱ्या हवेत त्याचे फेडर (सरकवायची बटणं) करकरतात, पण बेस वाजला की अजून छाती हलते. गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात त्याचा सिक्वेन्सर, म्हणजे भरलेले सूर ओळीने आपोआप वाजवणारा भाग, लॅपटॉपच्या तालावर चालावा, एवढंच हवं होतं. लॅपटॉपचा ताल सांगणारं मिडी क्लॉक एका मात्रेला २४ टिक पाठवतं. मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या चिपने) ते मोजायचे आणि दर सहाव्या टिकला सिंथच्या क्लॉक इनमध्ये, म्हणजे बाहेरचा ताल घेणाऱ्या जॅकमध्ये, एक पल्स द्यायचा. आयटीआय झालंय माझं, जमलं असतं. पण दिवसातून चारदा वीज जात होती आणि गणपतीला तेरा दिवस उरले होते. म्हणून हेच काम करणारा तयार डबा मागवला.

विकणारा फोनवर म्हणाला, "मी पण मालवणचोच. तुमका फसवतलंय काय?" तिथेच विरघळलो. आगाऊ ३,५००, पाठवण्याआधी २,९००, कुरियरचे ३५०.

कळायला हवं होतं ते विकणाऱ्याच्या व्हिडिओतच. त्याच्या डब्यातून मिडीची जाड पाच पिनची केबल निघते आणि थेट एसएच-१०१च्या मागे जाते. अहो, एसएच-१०१ला मिडीचं भोकच नाही! मागे साधे बारीक जॅक आहेत, मी रोज चाचपडत तिथेच वायर खुपसतो. व्हिडिओ वीस वेळा पाहिला आणि वीसही वेळा नुसता आवाज ऐकत बसलो.

डबा आला. दिवा लुकलुकला, मी खूश. टेम्पो वाढवला, दिवा तसाच. मिडीची केबल उपटली, तरी तसाच. फोन केला तर म्हणे, "फर्मवेअर लॉक आसा, १,२०० पाठवा." म्हणजे डब्यातला प्रोग्राम उघडायचे पैसे. पाठवले. तोवर डबा उघडला नव्हता, एवढंच माझं म्हणणं. नंतर नंबर बंद. उघडला तर एक नॅनो (आर्डुइनोचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि एक एलईडी. मिडी इनला लागतो तो ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडे देणारा पार्ट) नाहीच, क्लॉकची वायर जॅकला हॉट ग्लूने चिकटवलेली. शाळकरी पोरं पहिल्या दिवशी करतात तो नुसता दिवा लुकलुकवायचा ब्लिंक प्रोग्राम!

असं काही घेताना व्हिडिओ कॉलवर केबल उपटून दाखवायला लावा. आणि लाजत बसू नका, त्याच दिवशी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. मी पाच दिवस घालवले.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग फसवणूक कसली?" पोलिसांत गेलो तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला, खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही. तिसऱ्या खेपेला हवालदारांनी विचारलं, "वस्तू काय?" सिंथेसायझर म्हटलं. "सिंथेटिक? साडी होती काय?" शेवटी अर्जात 'पेटीचा पार्ट' लिहिलं. एसटीचं भाडं आणि बुडालेली तीन दिवसांची मजुरी वरच्या आकड्यात धरलेली नाही. डबा पुरावा म्हणून ठेवून घेतला, पावती मागितली तर "मिळेल" म्हणाले. त्यातला नॅनो तेवढा चांगला होता, तोही गेला.