तालुक्यापर्यंत वेळेत, पुढे रामभरोसे : खेड्यात घरपोच सामान मागवण्याचा अनुभव

पाचपैकी अडीच तारे. घाई असेल त्यांनी एवढं वाचून पुढे जावं. ज्यांचं गाव डांबरी रस्त्यापासून आत आहे आणि मोबाइलवर स्वस्त दिसलं की ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी बाकीचं लिहिते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. फाट्यापासून आत पायी अर्ध्या तासाचं अंतर. घरी कपाशी आणि तूर, आणि मी शिलाईकाम करते. मागच्या उन्हाळ्यापासून लेस, फॉल, मशीनचे सुटे भाग, सासूबाईंच्या साखर तपासायच्या पट्ट्या, शेतातलं काहीबाही असं मोबाइलवरून मागवते. अ‍ॅप वेगवेगळे वापरले. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण तालुक्यात पार्सल पोचलं की पुढे सगळ्यांचं सारखंच होतं. कित्येकदा घेऊन येणारा पोरगाही तोच असतो, फक्त टी-शर्ट बदलतो.

उशिराबद्दल माझी फार तक्रार नाही, हे आधी सांगते. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. भिवंडीच्या गोदामातून निघालेलं सामान आता एका रात्रीत विदर्भात येऊ शकतं, आणि मोबाइलवर तसं दिसतंही. काल भिवंडी, आज नागपूर, उद्या सकाळी यवतमाळ. तिथून दारव्हा चाळीसेक किलोमीटर. इथपर्यंत पाच तारे द्यायलाही माझी हरकत नाही. मग मात्र ते पार्सल दारव्ह्याला जे बसतं, ते उठतच नाही. आमच्या भागातली शकुंतला रेल्वे इतकी रमतगमत जायची, की माणसं चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायची, असं सासरे सांगतात. पण ती पुढे तरी सरकत होती!

रोज सकाळी मेसेज येतो, ‘आपलं पार्सल आज मिळेल’. या एका मेसेजची किंमत शहरातल्या माणसाला कळणार नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला येतो. गावातल्या बाया सकाळीच वावरात जातात आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. जी बाई पार्सलसाठी घरी थांबली, तिचा तो दिवस गेला. माझं काम घरात आहे म्हणून निभतं. शेजारची एक बाई लेकराच्या स्वेटरसाठी वेचणी पाडून बसली, संध्याकाळी मेसेज आला की ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’. स्वेटरच्या किमतीहून जास्त मजुरी बुडाली तिची.

हा ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. दारात मशीन मांडून दिवसभर बसलेली मी, रस्त्यावरून जाणारं कुत्रंही मला दिसतं, आणि मोबाइल सांगतो की पोरगा आला होता, तुम्ही नव्हता. फोन नाही, हाक नाही. अशी नोंद साधारण तीनदा झाली की पार्सल परत जातं आणि परत गेल्याचा ठपका आपल्या खात्यावर. मग एका अ‍ॅपने माझ्या खात्यावर घरी पैसे द्यायची सोयच बंद केली.

एकदा तो पोरगा खरंच दारापर्यंत आला तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘काऊन रे बाबू, मी घरीच असतो अन् तू खोटं काऊन लिहितं?’’ तो काही लाजला नाही. म्हणाला, ‘‘ताई, रात्री गोदामात हर पार्सलपुढं काहीतरी कारण टाकावंच लागते. रस्त्यात गारा हाये, गाडी फसते, असं लिहाले जागाच नाई त्याच्यात. मंग काय लिहू?’’ (गारा म्हणजे आमच्याकडे चिखल.) त्याने मोबाइल दाखवला. ग्राहक उपलब्ध नाही, ग्राहकाने तारीख बदलून मागितली, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने नाकारलं. जेवढी कारणं होती, तेवढी सगळी ग्राहकाच्या गळ्यात. त्याला पैसे पार्सलमागे मिळतात. दारव्ह्याच्या बाजारपेठेतल्या पार्सलचे जेवढे, तेवढेच आमच्या गावच्या पार्सलचे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. एका पार्सलसाठी तो आत येईल तरी कशाला? तेव्हापासून मी त्या पोराला शिव्या देणं सोडलं. ज्यांनी ती कारणांची यादी बनवली, त्यांना देते.

पावसाळ्यात तर बोलायलाच नको. आमची काळी माती ओली झाली की चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. मग काडी घेऊन चिखल खरवडत बसा. मोठा पाऊस झाला की फाट्याच्या अलीकडचा नाला वाहतो आणि दोन्हीकडची माणसं पाणी उतरायची वाट पाहत बसतात. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण अ‍ॅपवर जुलैतही तीच तारीख दिसते जी जानेवारीत दिसते.

फवारणीच्या वेळचा अनुभव मला विसरता येत नाही. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून घरातलं माणूस पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरलं की माझं लक्ष लागत नाही. म्हणून पोळ्याच्या आधी चष्मा, हातमोजे आणि चांगला मास्क असा संच मागवला. आठवड्यात येणार होता. आला तेव्हा शेवटची फवारणी उरकून गेली होती. मधल्या फवारण्या ह्यांनी तोंडाला माझी ओढणी गुंडाळून केल्या. असल्या वस्तूला उशीर झाला की ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ वाचून डोकं फिरतं. आता तो संच पुढच्या हंगामासाठी पेटीत आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. सासूबाईंना साखर आहे. तपासणीच्या पट्ट्यांच्या डबीवर साधारण तीस अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तालुक्याचं गोदाम टिनाचं. त्या टिनाखाली पडून राहिलेल्या पट्ट्यांवर दिसलेला आकडा खरा मानायचा का? मी मानला नाही, पट्ट्या टाकून दिल्या. आता उन्हाळ्यात पट्ट्या दारव्ह्याच्या मेडिकलमधूनच आणतो, थोडे पैसे जास्त जातात. इन्सुलिन तर मोबाइलवरून मागवायचा विचारही करू नका.

आता वेळेविषयी. दुपारी बारा ते चार उन्हामुळे कोणी येत नाही, ते समजतं. पण मग फोन येतो रात्री आठ-साडेआठला. ‘‘ताई, फाट्यावर या ना, मी उभा हावो.’’ त्या वेळी तव्यावर भाकर असते, ह्यांची मोटारीची रात्रपाळी असते कारण वावरात लाइट रात्रीची, आणि रस्त्याला रानडुकरं. बाईमाणसाने एकटीने अंधारात पायी फाट्यावर जायचं, तेही आपण पैसे भरलेलं सामान आणायला. नाही म्हटलं की मेसेज ठरलेला, ‘ग्राहकाने तारीख बदलून मागितली’.

ओटीपीचा घोळ याच्यावर कडी. सुरुवातीचं खातं ह्यांच्या नंबरवर काढलेलं. पोरगा दारात, ओटीपी वावरात, आणि वावरात रेंज नाही. एकदा त्याने वाट पाहिली आणि मी माझ्या लेकाला वावराकडे धाडलं, बाप सापडेपर्यंत गाडी निघून गेली. घरात ज्याच्या हाती सामान पडणार आहे, नंबर त्याचाच द्या. आणि दुसरं, फोनवर ओटीपी मागून ‘सामान किराणात ठेवतो’ म्हणणाऱ्याला तो देऊ नका. ओटीपी दिला म्हणजे सामान मिळालं असं कागदोपत्री झालं. मग खोक्यात साबणाची वडी निघो की काही न निघो, तुमच्या हाती पुरावा उरत नाही. गावात सगळे देतात, मला माहीत आहे. मीही ओळखीच्या पोराला देते, पण शंभर-दीडशेच्या लेसपुरताच.

त्या किराणाची सोय मात्र खरी आहे. फाट्यावरचा दुकानदार पार्सलमागे दहा रुपये घेतो आणि बिस्किटांच्या बरण्यांमागे सगळ्या गावाची पार्सलं रचून ठेवतो. एसटीतून उतरणारं कोणीही घेऊन येतं. गैरसोय एकच, कोणी काय मागवलं ते गावाला आधी कळतं. काही पाकिटांवर आतल्या वस्तूचं नाव ठळक छापलेलं असतं. बायकांचे आतले कपडे मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अधिक सांगत नाही.

पत्त्याचंही थोडं सांगते, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला. पहिले तीन आकडे ४४५ म्हणजे यवतमाळ, पुढचे तीन टपाल कार्यालयाचे. टपाल कार्यालयापर्यंत पत्र पोचलं की पुढचं घर डाक सेवकाला पाठ असतं, म्हणून ते पुरायचं. अ‍ॅपला घर पाठ नाही. एका पिनखाली कितीतरी गावं, त्यात खुर्द आणि बुद्रुक. माझा मशीनचा पट्टा बुद्रुकला जाऊन राहिला आणि तिथल्या कोणाचं तरी मिक्सर आमच्या शाळेत आलं. नकाशावरची टाचणीही अ‍ॅप आपल्या मनाने फाट्यावर टोचतं, ती हाताने सरकवून आपल्या घरावर आणावी लागते. डाक विभागाने २०२५ च्या मे महिन्यात डिजिपिन काढला आहे, दहा अक्षर-अंकांचा, देशातल्या साधारण चार मीटर गुणिले चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला वेगळा. मी आमच्या घराचा काढून ठेवला. पण मी वापरते त्या कुठल्याच अ‍ॅपमध्ये तो भरायला रकाना नाही. मग पत्त्याच्या ओळीतच टाकते. पोरांना त्याचं काय करायचं ते कळत नाही, त्यांना ‘हनुमान मंदिराच्या मागं, निळं दार’ हेच समजतं.

सामान परत करणं हा यातला सर्वांत वाईट भाग. शिलाई मशीनची मोटर आली, ती चालेना. परत न्यायला कोणी येईना, रोज ‘आज येणार’ आणि संध्याकाळी ‘ग्राहकाने रद्द केलं’. परत करायची मुदत अशीच संपत आली. मग मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक अशा कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिनाभरात निवारण करावं लागतं. पोच आली, पुढे काही नाही. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दारातल्या मोटरीचे आणि ‘रद्द केलं’ या मेसेजचे फोटो मी काढून ठेवले होते, ते कामी आले. त्यानंतर मोटर घ्यायला माणूस आला, तोही सकाळी दहाला, चिखल तुडवत! पैसेही परत मिळाले. म्हणजे येता येतं, हे कळलं.

महालक्ष्म्यांच्या आधी लेस अडकली तेव्हा मी वाट पाहणं सोडलं आणि यवतमाळला गेले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बाजारात लेस हातात धरून, रंग साडीला लावून घेतली, संध्याकाळी घरी. जाण्यायेण्याचा खर्च धरूनही फार महाग पडली नाही, आणि गिऱ्हाइकाची बोलणी वाचली. सणाचं आणि हंगामाचं सामान मी आता मोबाइलवरून घेतच नाही, घेतलंच तर दीड-दोन महिने आधी.

बाकी किरकोळ वस्तूंसाठी एक उपाय सापडला आहे. काही लहान विक्रेते कुरिअरऐवजी स्पीड पोस्टने माल पाठवतात. ते गावच्या डाकघरात येतं आणि डाक सेवक घरी आणून देतो, कारण तो इथलाच. असा विक्रेता भेटला तर थोडे जास्त पैसे देऊनही मी त्याच्याकडूनच घेते. ऑर्डर करण्याआधी विचारून घ्यायचं, कशाने पाठवणार म्हणून. दोरे, हुक आणि फॉलसाठी माझी सोय झाली आहे. मशीनच्या मोटरी स्पीड पोस्टने पाठवणारा अजून मिळालेला नाही, कोणाला माहीत असेल तर खाली लिहा.